गंजाचा हिशेब : प्रस्तावना

गॅरेजात एखादी जुनी मोटार सांगाडा होऊन पडलेली असते. दारं भिंतीला टेकवलेली, इंजिन स्टँडवर, सीटा गायब. बघायला आलेला माणूस दोन मिनिटं थांबतो आणि हमखास विचारतो, "पूर्ण झाल्यावर किती येतील हिचे?" प्रश्न रास्त आहे, आणि या विषयाचं दार त्याच प्रश्नातून उघडतं. अडचण एवढीच की विचारणाऱ्याच्या मनात खर्च, किंमत आणि मोल हे तीन शब्द एकाच अर्थाचे असतात. खर्च मिस्त्रीच्या वहीत लिहिला जातो. किंमत लिलावात ठरते, आणि ती ठरवणारे त्या वहीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मोलाचं म्हणाल तर ते कुठे लिहायचं यावरच निम्मा वाद आहे. जुन्या स्पोर्ट्स कारचं पुनरुज्जीवन अभ्यासाचा विषय होतं ते या तीन शब्दांचा मेळ बसत नाही म्हणून.

इथे यायला गाडी मालकीची असावी लागत नाही. हातात पाना धरता येत नसला तरी चालेल. वाणिज्याचा विद्यार्थी, वकील, इतिहासाचा अभ्यासक, धातूचं काम जाणणारा, यांपैकी कोणीही यावं. प्रत्येकाला आपापल्या कामाचं काही ना काही सापडेल. मी स्वतः आलो तो वडिलांच्या फियाटमुळे. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून भोक पडलं होतं आणि त्यातून पळणारा रस्ता दिसायचा. ती गाडी आम्ही भंगारात दिली. ते बरोबर केलं का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

आरंभासाठी एकच गाडी घेऊ : जॅग्वार ई-टाइप. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. इंग्लंडात तिची किंमत करासकट २,००० पौंडांच्या थोडी वर होती, आणि वेगाचा दावा ताशी १५० मैलांचा. उत्पादन थांबेपर्यंत ७२,००० हून अधिक गाड्या बनल्या, म्हणजे दुर्मिळ म्हणावी अशी ही वस्तू नव्हे. तरीही न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक उघडी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. दुर्मिळ नसलेली गाडी संग्रहालयात का जाते, हा प्रश्न नव्या वाचकाने सोबत ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

तिचा घाट माल्कम सेयर यांचा. हा माणूस विमान कारखान्यातून मोटारीकडे आला होता, आणि गाडीची बांधणीही तशीच आहे : मध्ये पत्र्याच्या पोकळ पेट्या जोडून केलेला गाभा, पुढे नळ्यांची चौकट, त्या चौकटीवर इंजिन. पत्रा हलका, जोड मजबूत, वजन कमी. दोष एकच. त्या पोकळ पेट्यांच्या आतपर्यंत रंग नीट पोचत नसे, पाणी मात्र पोचे. दाराखालचा उंबरा, ज्याला धंद्यात सिल म्हणतात, तो आतून कुजत जातो आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो. उघड्या गाडीला छप्पर नसल्यामुळे गाडीचा मुख्य ताण या दोन उंबऱ्यांवर असतो. घाईत कोणी दोन्ही उंबरे एकदम कापले आणि आधी आडवे टेकू लावले नाहीत, तर गाडी मधोमध खचते. वेल्डिंग सुरेख होतं, रंग चढतो, आणि शेवटच्या आठवड्यात कळतं की दार लागतच नाही. मग सगळं पुन्हा कापा. पुढच्या नळ्याही आतूनच गंजतात. लांबलचक बॉनेट कित्येक तुकडे जोडून केलेलं. मूळ कारखान्यात त्याचे सांधे शिशाने भरत. आज नवं बॉनेट विकत मिळतं, पण ते गाडीवर नीट बसवून चारही बाजूंची फट सारखी आणायला दिवसच्या दिवस जातात.

खर्च इथे आहे, आणि तो मुख्यतः तासांचा आहे. शेवटच्या नटबोल्टपर्यंत उकलून केलेल्या कामाला हजाराहून जास्त तास सहज लागतात. कारण साधं आहे, पण लोकांच्या लक्षात येत नाही. कारखान्यात गाडी फक्त जोडली जाते. पुनरुज्जीवनात ती आधी उकलावी लागते, न निघणारे बोल्ट तापवून काढावे लागतात, गंज कुठवर गेला ते शोधावं लागतं, आणि मग जोडणी सुरू होते. कारखान्यात प्रेसने एका ठोक्यात जो पत्रा वाकवला, तोच आता एक कारागीर हातोडीने तासन् तास घडवतो. खुद्द जॅग्वारने २०१७ मध्ये जुन्या ई-टाइप घेऊन, नव्याने उभ्या करून विकायला काढल्या तेव्हा किंमत २,८५,००० पौंडांपासून सुरू होत होती. मधल्या छप्पन्न वर्षांची महागाई धरली तरी मूळ किमतीच्या हे कित्येक पट आहे. हा आकडा मला लबाडीचा वाटत नाही. मजुरीचा हिशेब मांडला की तो समजतो.

आता दुसरं टोक. एमजीबी ही सामान्यांची स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. तिचे जुने साचे सांभाळून ठेवलेले होते. त्यांवरून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून तिचा अख्खा नवा सांगाडाच बनवून देते. पण त्या सांगाड्याचाच खर्च एका बऱ्या चालत्या एमजीबीच्या किमतीला भिडतो. वर रंग, इंजिन, क्रोम, सीटा वेगळ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गंज काढायला तास लागतात ते दोन्ही गाड्यांना जवळपास सारखेच, कारण गंजाला गाडीचं नाव वाचता येत नाही. बाजाराला मात्र येतं. म्हणून स्वस्त गाडीच्या मालकाचं नुकसान जवळजवळ ठरलेलं असतं, आणि तरी जगात सर्वांत जास्त कामं याच गाड्यांची होतात. नफ्यासाठी लोक हे करतात ही समजूत इथेच गळून पडते.

बाजाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वर्तमानपत्रं त्याबद्दल भरपूर लिहितात. फेरारी २५० जीटीओच्या ३६ गाड्या १९६२ ते १९६४ मध्ये बनल्या. त्यांतली एक २०१८ मध्ये अमेरिकेत ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. असे आकडे वाचून आपल्या अंगणातल्या गाडीचा अंदाज बांधणं म्हणजे मुंबईतल्या मलबार हिलचा भाव ऐकून गावच्या पडवीची किंमत ठरवणं. शिवाय वेळेचा मुद्दा आहे. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी १९८८ मध्ये वारले, भाव भडकले आणि १९९० नंतर कोसळले. कामाला वर्षं लागतात. ज्यांनी चढत्या भावात गाडी कामाला टाकली, त्यांना ती पडलेल्या बाजारात हाती आली. गंमत म्हणजे ब्रिटिश करकायदा मोटारीला झिजत जाणारी मालमत्ता समजतो आणि म्हणून विक्रीच्या नफ्यावर भांडवली कर लावत नाही. पुनरुज्जीवनाचा सगळा धंदा त्या झिजेविरुद्ध उभा आहे!

मग किंमत कशावर ठरते? माझं उत्तर : पुराव्यावर. चेसिसचा आणि इंजिनचा क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी जुळतो का, मूळ रंग कोणता, पहिली विक्री कुठे झाली. जॅग्वारच्या जुन्या वह्या सांभाळणारा न्यास अशी नोंद पाहून दाखला देतो. त्या एका कागदाने विक्रीत जो फरक पडतो, तो कित्येकदा महिनाभराच्या डेंटिंग-पेंटिंगने पडत नाही. आणि इथे एक सुरेख विसंगती आहे. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं फेरफार केलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर आठ गुण लागत. त्यात सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनला फक्त एक. सांगाडा मूळ कंपनीकडून आलेला नवा असला तरी पाच मिळत. बाजार याच्या नेमका उलट वागतो. मूळ इंजिन गेलं म्हणताच गिऱ्हाईक हात आखडतं. गाडी "तीच" आहे का, या प्रश्नाला नोंदणी खात्याचं एक उत्तर होतं आणि गिऱ्हाइकाचं दुसरं.

तिसरं उत्तर न्यायालयाचं. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली. पुढे तिचं इंजिन बदललं, चेसिस बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला, चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला, आणि गाडी वेगळ्या बॉडीत पुन्हा उभी राहिली. १९९० मध्ये सुमारे एक कोटी पौंडांच्या सौद्यावरून खटला झाला. घेणाऱ्याचं म्हणणं, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात १९२९ चं काय उरलंय? न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ही गाडी एका दमात नष्ट होऊन पुन्हा बनवलेली नाही. टप्प्याटप्प्याने बदलत, इतिहासात कुठेही खंड न पडता ती इथवर आली आहे, म्हणून ती 'ओल्ड नंबर वन'च आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने पहिल्यांदा काही वाचायचं तर हा निकाल वाचावा. धातूपेक्षा सलग नोंद मोठी ठरली ती इथे.

यावरून पुढचं पाऊल आलं, आणि ते गॅरेजवाल्यांना फारसं रुचलेलं नाही. नोंदीला एवढं महत्त्व असेल तर जुना रंग, झिजलेलं चामडं, पत्र्यावरचा पोचा, हीसुद्धा नोंदच नाही का? २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात फ्रान्सच्या एका शेडमधून काढलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट मांडली होती. ती १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. कोणी फडकंही मारलं नव्हतं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये तुरिनची सनद स्वीकारली. तिचा रोख जुन्या इमारतींसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेकडे आहे : आधी जपा, लागेल तेवढीच दुरुस्ती करा, आणि काय बदललं ते नोंदवून ठेवा. मूर्तीला वज्रलेप करावा की नाही हा वाद ज्यांनी पंढरपूरच्या निमित्ताने ऐकला आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. माझं मत विचाराल तर आज होणारी निम्मी कामं गरजेपेक्षा जास्त होतात. आरशासारखा जो रंग १९६१ च्या ई-टाइपवर आज दिसतो, तो कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एकाही गाडीवर नव्हता.

आपल्याकडे हा वाद कायद्याच्या भाषेत येऊन बसला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. आता दोन्ही उंबरे आणि पुढची चौकट बदललेली गाडी मूळ रूपातली की फेरबदल झालेली? आरटीओच्या खिडकीवर हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नसतो, तिथे शिक्का हवा असतो. आणि सगळंच मोल लिलावात असतं असंही नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं तिचा भाव करायला आलेली नसतात. ती स्पोर्ट्स कार नव्हे, हे मान्य. पण मोल कुठे लिहिलं जातं याचा एक पत्ता तिथे मिळतो.

पुढच्या पानांत पत्रा, इंजिन, रंग, बाजार आणि कायदा असे विषय येतील. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. हिशेबात रस असेल तर मजुरीपासून सुरुवात करा. वाचकांकडे मात्र एक मागणं आहे. घरातल्या ट्रंकेत जुन्या गाडीचं आरसी बुक, टॅक्सचं टोकन, गॅरेजचं पिवळं पडलेलं बिल किंवा गाडीपुढे उभं राहून काढलेला एखादा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. गाडी भंगारात गेली असली तरी कागद ठेवा. आणि ज्या मिस्त्रीने ती सांभाळली, तो हयात असेल तर या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन बसा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या.