मुंबई ते नागपूर : एका रात्रीचे अंतर

वाचकहो, तुम्ही आज मुंबईत आहात आणि परवा सकाळी अकरा वाजता तुम्हांला नागपुरात कामावर हजर व्हायचे आहे, अशी कल्पना करा. घरात काय बोलणे होईल ते मी सांगायला नको. मुलगा म्हणेल, "बाबा, विमानानं जा, दीड तासात पोचाल." आई म्हणेल, "रात्रीची गाडी काय वाईट आहे? जेवून नीघ, सकाळी उतर." तेवढ्यात शेजारचे डोकावतील आणि म्हणतील, "छे हो! गाडीचं आरक्षण आता कुठलं मिळायला? सरळ स्लीपर बस पकडा. समृद्धी महामार्गावरून रातोरात नेऊन सोडते."

तिघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच माणूस गोंधळतो. पण या तीन वाहनांचा इतिहास थोडा चाळून पाहिला, तर निवड करायला एक साधी कसोटी हाती लागते. आपण मुंबई-नागपूरचाच रस्ता धरू, कारण या एका वाटेवर तिन्ही वाहने आहेत आणि तिघांच्याही इतिहासात नागपूरचे नाव मोठे आहे.

आगगाडीच्या आधीचा काळ थोडा आठवा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात गेले. पुढे १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलेला त्यांचा 'माझा प्रवास' आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. वाट बहुतेक पायाखालची. दिवस मावळला की मुक्काम, उजाडले की पुढे. परत येताना गंगेची कावड खांद्यावर होती. दिवसाकाठी आठ-दहा कोस चालणाऱ्या माणसाला मुंबईहून नागपूर गाठायचे म्हटले, तर महिना सहज लागावा. मात्र त्या प्रवासात एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे रात्र झोपेची असे. मग ती धर्मशाळेत जावो, देवळात जावो, नाहीतर झाडाखाली जावो. वाटचाल दिवसाची आणि झोप रात्रीची, हा हिशेब हजारो वर्षे कुणी मोडला नव्हता.

तो मोडला आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. परंतु ती एकवीस मैलांची दुपारची सफर होती. खरा लांबचा प्रवास सुरू झाला तो घाट फोडल्यावर. १८६५ साली थळ घाटाचे काम पुरे होऊन गाडी कसाऱ्याहून इगतपुरीला चढली आणि १८६७ साली ती नागपूरला पोचली. हे सारे उतारूंच्या सोयीसाठी झाले, असे मात्र समजू नका. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात लवकर यावा, ही इंग्रज व्यापाऱ्यांची निकड होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाच्या गठड्यांमागून माणसे गाडीत चढली, म्हणा ना! पण ती चढली मात्र अशा संख्येने की, कंपन्यांच्या उतारू-उत्पन्नाचा फार मोठा भाग तिसऱ्या वर्गाच्या स्वस्त तिकिटांतूनच येऊ लागला.

आता गाडी रात्रीही चालू लागली. महिन्याची वाट एका रात्रीवर आली. मग ती रात्र माणसाने काढायची कशी? पहिल्या वर्गाच्या साहेबाला गादीची बैठक होती, होल्डॉल होता, सोबत नोकर होता. तिसऱ्या वर्गाला लाकडी बाक. वळकटी पायाशी, फिरकीचा तांब्या मांडीवर, ट्रंकेवर पोर, आणि मान शेजाऱ्याच्या खांद्यावर!

याचे वर्णन गांधीजींनी करून ठेवले आहे. १९१७ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले आणि त्या अनुभवावर त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिकिटाला तेरा रुपये नऊ आणे पडले. डबा बावीस उतारूंचा, तोही फक्त बसण्यापुरता. धडपणे अंग टाकता येईल अशी एकही फळी त्यात नव्हती, आणि मद्रास यायला दोन रात्री लागणार होत्या. त्यात माणसे कोंबली जात होती ती वेगळीच. गांधीजींची तक्रार घाणीबद्दल होती, गर्दीबद्दल होती. पण तिच्या बुडाशी एक फार साधी मागणी होती. लांबच्या गाडीत पैसे भरून बसलेल्या माणसाला रात्री आडवे होता आले पाहिजे. ही मागणी पुरी व्हायला पुढे अर्धे शतक गेले.

दरम्यान आकाशवाट उघडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, आणि येथे आपले नागपूर पुढे आले. व्यवस्था मोठी गमतीची होती, बरं का! दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा उडून पहाटे आपापल्या शहरी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळे. देशाचा नकाशा उघडून पाहा, म्हणजे हा मान नागपूरलाच का मिळाला, ते लगेच ध्यानात येईल.

या विमानांतून उतारूही जात. मात्र मुंबईहून कलकत्त्याला जाणाऱ्या उतारूची झोप मध्यरात्री सोनेगावला मोडायचीच. जागे व्हा, उतरा, थांबा, दुसऱ्या विमानात चढा. म्हणजे विमानाने वेळ वाचवला, पण रात्र घेतली. तिकिटाचे दामही बहुजनांच्या आवाक्यातले नव्हते. १९५३ साली आठ खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स निघाली, तरी विमान हे साहेबांचे, व्यापाऱ्यांचे आणि पुढाऱ्यांचे वाहन, ही समजूत बराच काळ टिकून राहिली.

१९५३ सालीच नागपूर करार झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. एका मोठ्या प्रांताची राजधानी राहिलेले नागपूर आता राज्याच्या राजधानीपासून ८३७ किलोमीटरवर आले. करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले. हिवाळ्यात मंत्री, सचिव आणि फायलींच्या पेट्या तिकडे जाऊ लागल्या. ते वर्षातून एकदा. उरलेले वर्षभर उलटी वाट वाहते. अर्ज घेऊन मंत्रालयात जाणारा शिक्षक, मुलाखतीला निघालेली मुलगी, परळच्या टाटा रुग्णालयात आजाऱ्याला घेऊन निघालेले कुटुंब, ही सगळी माणसे विदर्भातून मुंबईला येतात. त्यांचा हिशेब ऐका : एक रात्र गाडीत, दिवसभर काम, दुसरी रात्र पुन्हा गाडीत. मुंबईत लॉजचे भाडे भरायला नको, नातेवाइकांच्या दोन खोल्यांत अडचण करायला नको. अशा माणसाला रात्रीची गाडी ही चालती धर्मशाळाच आहे. मात्र तीत झोपायला मिळाले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभे राहून तो बोलणार काय?

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गातही झोपण्याचे डबे हळूहळू आले. एकावर एक तीन फळ्या आल्या. १९७४ साली तिसरा वर्ग हे नाव गेले, दुसरा वर्ग राहिला. पण फळी लाकडाचीच! कूस बदलली की हाडाला कळायचे. मग १९७७ साली आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्राध्यापक मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेला हा समाजवादी माणूस. वरच्या वर्गाची गादी काढून समता आणण्यापेक्षा खालच्या वर्गाला गादी द्यावी, असे त्यांचे धोरण होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली. साऱ्या गाडीत एकच वर्ग! आणि ती जाते आपल्या नागपूरवरूनच. गांधीजींच्या तक्रारीला साठ वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते, असे मला वाटते. दोन इंच ही लांबी काय मोठी? पण त्या दोन इंचांवर कोट्यवधी माणसांनी पाठ टेकली आहे.

पुढची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. १९९४ साली विमान महामंडळांचा जुना कायदा रद्द झाला, २००३ साली कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटे काढली आणि पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसे विमानतळावर दिसू लागली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. विदर्भात ज्यांना नुसते 'ट्रॅव्हल्स' म्हणतात, त्या झोपण्याच्या बसगाड्यांचे दिवस पालटले.

या बसगाड्यांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली अशी एक बस उलटून पेटली आणि झोपेतली पंचवीस माणसे गेली. बसने जाऊच नका, असे मी म्हणणार नाही. रेल्वे जेथे पोचत नाही तेथे ती पोचते आणि दाराशी सोडते, हा तिचा गुण आहे. पण आगगाडीत तुम्ही झोपता तेव्हा चालक, सहायक, गार्ड, वाटेवरचे स्टेशनमास्तर अशी कितीतरी माणसे तुमच्यासाठी जागी असतात. बसमध्ये तुमची झोप मुख्यतः एका माणसाच्या जागेपणावर असते. म्हणून बस निवडलीत, तर चालक किती आहेत ते विचारा, आणि आपत्कालीन दार कोठे आहे ते पडदा ओढण्यापूर्वी पाहून ठेवा.

आता विमानाचा हिशेब. हवेत दीड तास. पण घरून विमानतळ, तेथे दीड-दोन तास आधी हजेरी, सामानाची वाट आणि उतरल्यावर शहरात पोचणे, असे धरले की पाच तास होतात. सोनेगाव शहराला लागूनच आहे, हे नागपूरकरांचे भाग्य. मुंबईकडचे मात्र सांगता येत नाही. आणि सकाळी सहाचे विमान पकडायचे, तर तीनला उठायचे. म्हणजे येथेही रात्र गेलीच! आजारी माणूस, म्हातारे आईवडील किंवा एका दिवसात जाऊन यायचे काम असेल, तर विमानासारखे दुसरे साधन नाही. तिकीट आधी काढले, तर ते परवडूही शकते. ऐन वेळी काढले, तर मात्र खिसा सांभाळा.

म्हणून माझी कसोटी अशी. वाहन किती तासांत पोचवते हे विचारा, पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : आपला दिवस वाचतो का? आणि आपण धड अवस्थेत पोचतो का? संध्याकाळी निघून सकाळी उतरवणारी गाडी अकरा ते चौदा तास घेते. कागदावर ती सर्वांत संथ दिसते. पण ते तास असतात झोपेचे; दिवस तुमचाच राहतो. साठ दिवस आधी आरक्षण उघडते. काम आधी ठरलेले असेल, तर आईचे ऐका.

आणि गाडीत खालच्या फळीवर अंथरूण घालाल, तेव्हा एवढे आठवा. त्याच गाडीला पुढे-मागे जनरलचे डबे जोडलेले असतात. तेथे आरक्षण नसलेला माणूस आजही बसून, कधी दाराशी उकिडवा होऊन, हीच रात्र काढतो आहे. १९१७ सालची तक्रार त्या डब्यात अजून मिटलेली नाही. सकाळी नागपूर येते, तेव्हा तोही तुमच्याबरोबरच उतरतो आणि त्यालाही अकरा वाजता कुठेतरी हजर व्हायचे असते.