घशात दात असलेल्या माशाचा गळ

सुरमईच्या मागे जाणारा गळाच्या वर वीतभर तार घालतो. नुसता दोर असेल तर सुरमईचे दात तो कापतात आणि मासा गळासकट जातो. समुद्रातल्या दातेरी माशांसाठी केलेली जोडणी या तारेभोवती उभी राहते. म्हैसूरच्या नद्यांतल्या महाशीराला तारेची गरज नाही, कारण त्याच्या जबड्यात एकही दात नाही. तरीही विलायती कारखान्यांचे गळ याच माशाने चपटे करून परत पाठवले.

त्याचे दात घशात असतात. कल्ल्यांमागे हाडाची कमान असते आणि तिच्यावर तीन ओळींत दात. वरच्या टणक गादीवर दाबून तो खेकडे आणि कवचाचे जीव फोडतो. त्याआधी जाड, मांसल ओठ आमिष आवळून धरतात, तो जोरही थोडा नसतो. बारीक तारेचा तीनकाटी गळ त्या तोंडात सापडला की वाकतो, नाहीतर मोडतो. सुरमई दोर तोडते, महाशीर गळ मोडतो. म्हणून इथल्या जोडणीची कुळकथा गळापासून सुरू करायला हवी.

गळ टाकणे या मुलखाला नवे नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या ‘मत्स्यविनोद’ प्रकरणात माशांच्या जाती, त्यांची खाणी, आमिषे आणि गळ टाकण्याची रीत आहे. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे, कोणाला काय आवडते ते वेगळे, इतके बारीक पाहणारा हा राजा मला फार मोठा वाटतो. तोंड आणि भूक पाहून जोडणी ठरवायची, हे सूत्र तिथेच हाती येते.

महाशीरासाठी ते पुढे नेले हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने. दक्षिण कानडा जिल्ह्यात नोकरी करताना त्याने ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले आणि १८७३ मध्ये ते मंगळूरला छापले. विलायतेत साल्मनसाठी केलेले गळ इथे जसेच्या तसे चालत नाहीत, हे त्या काळच्या शिकाऱ्यांना अनुभवाने कळले. गळ जाड झाले, त्यांचे पोलाद निवडून घेतले जाऊ लागले. गळाच्या वरचा तुकडा तेव्हा ‘गट’चा असे. रेशमाचा किडा कोश विणायच्या बेताला आला की त्याला शिरक्यात बुडवायचे, पोटातली रेशीमग्रंथी काढायची आणि ताणून तिचा धागा करायचा. स्पेनमधले मुर्सिया त्यासाठी प्रसिद्ध होते. कोरडा गट ठिसूळ होतो, म्हणून तो आधी भिजवावा लागे, आणि मोठ्या माशासाठी अनेक पदर पिळून घेत. म्हैसूरकडे रेशमाचे किडे घरोघर पोसले जात होते, आणि त्याच किड्याचा हा धागा मात्र समुद्रापलीकडून येई!

महाशीराचा पहिला झपाटा भयंकर असतो. दोनशे हात दोर एका दमात काठीवरच्या चाकावरून जातो आणि पाण्याखालच्या धारदार खडकांवर घासतो. इथे दोर कापणारे दात नदीचे असतात. म्हणून चाक मोठे हवे, दोर लांब हवा, आणि माशामागे जायला हरिगोलू, म्हणजे बांबूची गोल नाव, तयार हवी. आमिषाला शिजवलेल्या नाचणीचा घट्ट गोळा. सारी आयात सामग्री एकीकडे आणि कावेरीकाठच्या चुलीवरचा हा गोळा एकीकडे. मी गोळ्यालाच अधिक मान देईन.

या जोडणीची खरी परीक्षा म्हैसूरजवळ झाली. डिसेंबर १९१९ मध्ये मेजर रिव्हेट-कार्नॅकने कावेरीत ११९ पौंडांचा महाशीर काढला. १९४६ मध्ये कबिनी नदीत डी वेट व्हॅन इंगेनने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, काढला. वाघ-बिबट्यांची कातडी भरणाऱ्या म्हैसूरच्या प्रसिद्ध घराण्यातला हा मुलगा.  तो विक्रम आजही सांगितला जातो.

पुढे नायलॉन आले, गट संपला. १९७८ मध्ये तीन इंग्रज तरुण कावेरीत उतरले, ९२ पौंडांचा मासा मिळाला आणि जगभरचे हौशी या नदीकडे वळले. त्यानंतर धरलेला मासा मोजून सोडायची रीत रुजली. तशी जोडणी भक्कम असण्याला नवे कारण मिळाले: दोर तुटला तर गळ माशाच्या तोंडात राहतो, आणि कच्च्या दोरावर फार वेळ झुंजवला तर तो थकून मरतो.

याच काळात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या उबवणी केंद्रात दख्खनी महाशीराची पिल्ले वाढू लागली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णींचे हे काम मोलाचे होते. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतून वर्णिलेली ती जात. पण तिची पिल्ले कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे पडला. हे उघड झाले ते गळकऱ्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या अभयारण्यातल्या गालिबोरच्या तळावर १९९८ ते २०१२ पर्यंत धरलेल्या माशांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. २०१८ मध्ये पुण्याच्या नीलेश डहाणूकर यांच्यासह एका गटाने कुबड्या महाशीराची ओळख टोर रेमादेवी अशी पटवली, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

त्या अभयारण्यात आता गळ टाकायला बंदी आहे. तिचा हेतू मला मान्य आहे. पण कुबड्याची पैदास करायची तर जिवंत, धडधाकट नर-मादी लागतील. खडकाळ खळाळात जाळे लावणे अवघड. तिथून मोठा मासा इजा न करता काठावर आणायची कला कावेरीच्या जुन्या वाटाड्यांच्या हातात आहे, आणि ते हात म्हातारे होत आहेत. वनखात्याने आणि मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यांना आताच कामाला घ्यावे.