नाव आपले, उपचार परक्याचे : वैद्यकीय ओळखचोरी कशी ओळखावी, काय करावे

नवी दिल्ली : दुसऱ्याचा आधार क्रमांक, विमा पॉलिसी किंवा आयुष्मान कार्ड वापरून उपचार घेणे, औषधे मिळवणे अथवा न झालेल्या उपचारांचे बिल वसूल करणे म्हणजे वैद्यकीय ओळखचोरी. बँक खात्यातून गेलेली रक्कम निदान दिसते तरी. येथे मात्र परक्याचा रक्तगट, आजार आणि औषधे आपल्या नावावर नोंदली जातात व पुढचा डॉक्टर तीच नोंद खरी मानण्याचा धोका असतो.

दिल्लीत हा प्रश्न २०२५ पासून अधिक कुटुंबांचा झाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्ली सरकारने आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत सहभागाचा करार केला. केंद्राचे पाच लाख आणि दिल्लीचे पाच लाख, असे वर्षाला दहा लाख रुपयांचे संरक्षण पात्र कुटुंबांना मिळते. गुरुग्राम व नोएडात योजना आधीपासूनच आहे. हे संरक्षण साधारणपणे संपूर्ण कुटुंबासाठी सामायिक असते. त्यामुळे एका सदस्याच्या कार्डावर परक्याने शस्त्रक्रिया करून घेतली, तर घरातील सर्वांचीच शिल्लक घटते.

योजनेतील पडताळणीच्या उणिवा नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात नमूद आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या या अहवालानुसार सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते. आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. लाभार्थीची ओळख आधारने पटवली जाते, मोबाइल क्रमांकाने नव्हे, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी एक अडचण उरतेच : क्रमांक खोटा असेल, तर कार्ड वापरल्याची सूचना खऱ्या लाभार्थीपर्यंत पोहोचणार कशी?

माहिती एकाच ठिकाणी साठण्याचा धोका दिल्लीने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अनुभवला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरवर सायबर हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. रुग्णालय प्रणालीतील माहिती पुढे राखीव प्रतीवरून परत मिळवण्यात आली.

ओळखचोरीची चाहूल बहुधा क्षुल्लक गोष्टीतून लागते : न घेतलेल्या उपचाराचा दावा मंजूर झाल्याचा संदेश, अनोळखी प्रयोगशाळेचा अहवाल, ‘मर्यादा संपली’ असे विमा कंपनीचे उत्तर, किंवा आभा खात्यात जोडलेली अपरिचित नोंद. आधारच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास पाहता येतो आणि बायोमेट्रिक कुलूपही लावता येते. ही सोय फारच थोडे लोक वापरतात.

संशय येताच संबंधित रुग्णालयाकडे आपल्या नावावरील सर्व कागदपत्रे लेखी मागावीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत ती देणे बंधनकारक आहे. मात्र दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याची सक्ती असल्याने विलंब महागात पडतो. चुकीची नोंद थेट पुसून टाकण्याचा आग्रह धरू नये, कारण पुरावाच नाहीसा होतो. ती वेगळी काढून ‘ही या रुग्णाची नाही’ असा शेरा मारून घ्यावा. नेहमीच्या डॉक्टरांनाही रक्तगट, ॲलर्जी व चालू औषधे नव्याने तपासून घ्यायला सांगावे.

आयुष्मान कार्डाची तक्रार १४५५५ वर, तर ऑनलाइन आर्थिक फसवणूक असल्यास १९३० वर करता येते. खासगी विमा कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. राजधानी क्षेत्रात येथे गोंधळ होतो : गुरुग्राम व फरीदाबाद दिल्लीच्या लोकपालाच्या कक्षेत येतात, तर गौतम बुद्ध नगर व गाझियाबादसाठी नोएडात वेगळे कार्यालय आहे.

पोलिसांच्या हद्दीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. रुग्णालय दिल्लीत आणि राहणे गाझियाबादमध्ये असले, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. इलेक्ट्रॉनिक ओळख चोरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फिर्यादीची प्रत विमा कंपनी आणि रुग्णालय या दोघांनाही द्यावी आणि पोच घ्यावी.