बंद केलेलं रॉकेट

लहान उपग्रहांसाठी पर्यावरणस्नेही इंधनावरचं नवं रॉकेट, अशी बातमी दिसली की मला ब्रिटनचं ‘ब्लॅक अ‍ॅरो’ आठवतं. जेमतेम १३ मीटर उंचीचं हे रॉकेट तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि केरोसीनवर उडायचं. चांदीचा मुलामा दिलेल्या जाळीवरून जाताना पेरॉक्साइडची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होई. त्यात केरोसीन आपोआप पेटे. हायड्राझिनसारखं विषारी काही नाही, ज्वालाही जवळजवळ अदृश्य.

पण पर्यावरण हे त्यामागचं कारण नव्हतं. पेरॉक्साइड साध्या तापमानाला साठवता येतं आणि इंजिन सोपं राहतं, हा खरा हिशेब होता.

हिशेबानेच पुढे घातही केला. अमेरिकी रॉकेट स्वस्त पडतात म्हणून जुलै १९७१ मध्ये सरकारने प्रकल्प बंद केला. पुढचं रॉकेट तोवर ऑस्ट्रेलियाला रवाना झालं होतं, म्हणून ते उडवायला परवानगी मिळाली. २८ ऑक्टोबरला वूमेराहून त्याने ६६ किलोचा ‘प्रॉस्पेरो’ कक्षेत सोडला. क्षमता सिद्ध झाली, तेव्हा ती आधीच मोडीत निघालेली होती.

मी सॉफ्टवेअर लिहितो. पूर्ण होत आलेलं काम ‘आता गरज नाही’ म्हणून थांबलेलं मीही पाहिलंय. पण कोड निदान जपून ठेवता येतो. हातातलं कसब माणसांबरोबर विखुरतं.

स्कॉटलंडची स्कायरोरा कंपनी आता पेरॉक्साइड-केरोसीनवरच रॉकेट बनवते आहे. ब्लॅक अ‍ॅरोचा पडलेला पहिला टप्पाही तिने ऑस्ट्रेलियातून परत आणला. प्रॉस्पेरो मात्र अजून वर फिरतोच आहे.