‘रुग्ण किंवा जवळचा नातेवाईक’ : केसपेपर वाचण्याच्या हक्काची कथा

लिहिणारा एक, ज्याच्याविषयी लिहिले तो दुसरा आणि वाचणारा तिसराच, ही रचना साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. परंतु ज्याच्याविषयी लिहिले आहे, नेमकी त्यालाच ते वाचण्याची मनाई, असा प्रकार सहसा आढळत नाही. वैद्यकीय नोंदींच्या बाबतीत मात्र तो शतकानुशतके शिष्टसंमत होता. आज आपल्यापैकी कित्येक जण स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल भ्रमणध्वनीवर उघडून पाहतात. ही सोय इतक्या लवकर अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे वाचनाच्या हक्काचा एक दीर्घ वाद आहे ह्याचा विसर पडावा. तो वाद येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा हेतू आहे. कारण संहिता कोणाची, हा आपल्या परिचयाचा प्रश्नच त्याच्या मुळाशी आहे.

रुग्णकथेची परंपरा जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘एपिडेमिक्स’ ह्या ग्रंथात तटाजवळ राहणाऱ्या फिलिस्कस नावाच्या माणसाची नोंद आहे. ताप कसा चढला, झोप कशी उडाली, लघवीचा रंग कसा पालटला, हे दिवसागणिक लिहिले आहे. सहाव्या दिवशी तो दगावला. अलंकार नाही, हळहळ नाही. आजच्या वाचकालाही ही नोंद खिळवून ठेवते. परंतु ती फिलिस्कससाठी नव्हती, त्याच्या आप्तांसाठीही नव्हती. एका वैद्याने दुसऱ्या वैद्यासाठी लिहिलेला तो मजकूर होता. त्याच परंपरेतील वैद्याच्या आचरणाविषयीचा दुसरा एक ग्रंथ तर असे बजावतो की, उपचार करताना बहुतेक गोष्टी रुग्णापासून झाकून ठेवाव्यात. लिहावे आणि लपवावे, हे दोन्ही संकेत असे एकाच घरात वाढले.

आधुनिक रुग्णालयांनी नोंद शिस्तबद्ध केली, खुली केली नाही. १९०७ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर ह्यांनी प्रत्येक रुग्णाची सर्व कागदपत्रे एकाच क्रमांकाखाली एकत्र ठेवण्याची पद्धत आणली. आपल्या परिचयाची ‘फाईल’ ती हीच. १९६८ मध्ये लॉरेन्स वीड ह्यांनी रुग्णाच्या समस्यांनुसार नोंद लिहिण्याची रीत मांडली. १९७३ मध्ये शेंकिन आणि वॉर्नर ह्या दोन लेखकांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात साधीच सूचना केली : नोंदीची प्रत रुग्णाला आपणहून देऊन टाकावी. सूचना साधी असली तरी ती अमलात यायला काही दशके लागली. रुग्ण घाबरेल, त्याला समजणार नाही, तो खटला भरेल, ही तीन भये तोवर आळीपाळीने पुढे केली गेली.

ह्या भयांना छेद देणारी एक घटना इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड ह्या गावी घडली. तेथील डॉक्टर हॅरोल्ड शिपमन ह्याला जानेवारी २००० मध्ये आपल्याच पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. पुढे चौकशी आयोगाने २००२ च्या अहवालात त्याच्या बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. मृत्यू स्वाभाविक वाटावा म्हणून तो संगणकातील नोंदींत मागच्या तारखांनी आजार लिहून ठेवी. संगणकाने मात्र प्रत्येक बदलाची खरी वेळ मुकाट्याने टिपून ठेवली होती, आणि तोच त्याच्याविरुद्धचा एक पुरावा ठरला. विचार करावा असे हे आहे : ज्यांच्याविषयी ते खोटे लिहिले गेले, त्यांपैकी कोणालाच ते वाचता आले नव्हते.

त्याच्या रुग्णांचा भार ज्यांच्याकडे आला, त्या डॉक्टर अमीर हन्नान ह्यांनी २००६ पासून आपल्या रुग्णांना त्यांची संपूर्ण नोंद संगणकावर वाचण्यास खुली केली. विश्वास गमावलेल्या गावात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे सांगून भागणार नव्हते; ‘मी काय लिहिले ते पाहा’ असे म्हणणेच उचित होते. ऑनलाइन नोंदींच्या इतिहासात तंत्रज्ञानाच्या कितीतरी कहाण्या सांगितल्या जातात. आम्हांला ही कहाणी अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात खुलेपणाची गरज सोयीतून आलेली नाही, शोकातून आलेली आहे.

तोवर कायद्याच्या प्रांतातही हा प्रश्न पोहोचला होता. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने कागदी नोंदी पाहण्याचा हक्क दिला. १९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सूक्ष्म भेद केला : कागद डॉक्टरांच्या मालकीचा असेल, पण त्यावरील माहितीशी रुग्णाचे नाते असे आहे की त्याला ती सामान्यतः नाकारता येत नाही. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मात्र असा हक्क मान्य केला नाही. तेथे तो पुढे कायदा करून द्यावा लागला.

नेमक्या ह्याच १९९६ मध्ये, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ह्या प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने निःसंदिग्ध भूमिका घेतली. रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागणी केल्यास रुग्णालयाने आणि डॉक्टरांनी केसपेपरच्या प्रती दिल्या पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनी मागणीनंतर ७२ तासांची मुदत घातली आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले. ह्या नियमांत रुग्णाच्या जोडीला ‘अधिकृत’ सोबत्याचा उल्लेख आहे. ‘जवळचा’ आणि ‘अधिकृत’ ह्या दोन विशेषणांतील अंतर वाचकांनी लक्षात घ्यावे. पहिले नात्यातून येते. दुसरे कोणीतरी द्यावे लागते.

आणि त्याहून महत्त्वाचा आहे तो निकालातील ‘किंवा’. न्यायालयाचा हेतू उदार होता. खाटेवर पडलेल्या माणसाने कागदांसाठी खेटे घालू नयेत, हे उघडच आहे. परंतु आपल्या घरांतून ह्या ‘किंवा’चा अर्थ पुष्कळदा ‘ऐवजी’ असा होतो. दवाखान्याच्या कापडी पिशवीतील फाईल मुलाच्या हातात असते. डॉक्टर मुलाला केबिनमध्ये थांबवतात आणि आईला ‘तुम्ही बाहेर बसा’ म्हणतात. मोठ्या आजाराचे नाव तिला कळू द्यायचे नाही, हे मग परस्पर ठरते. आम्हीही असे केले आहे, आणि ते मायेपोटीच केले आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचा आमचा अधिकार नाही. पण वैद्याने जे झाकावे असे त्या जुन्या ग्रीक ग्रंथाने सांगितले, ते झाकण्याचे काम आता आपण अंगावर घेतले आहे, एवढे तरी मान्य करावयास हवे.

आज हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. भारतात २०२० च्या १५ ऑगस्टला राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन ह्या नावाने ते देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक वेगवेगळ्या संस्थांतील नोंदी एका व्यक्तीशी जोडतो. नोंदी मूळ संस्थेकडेच राहतात आणि त्या व्यक्तीच्या संमतीने दुसरीकडे दाखवल्या जातात. तत्त्वतः येथे ‘किंवा’ नाही; संमती ज्याची त्याची. व्यवहारात मात्र आईचे खाते मुलाच्या किंवा सुनेच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर उघडलेले असते, संमतीचा संदेश त्यांच्याच पडद्यावर येतो, आणि होकाराचे बटणही तेच दाबतात.

दुसरा अडसर भाषेचा. २०१० मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणी १०५ डॉक्टरांनी आपल्या टिपणी रुग्णांना वाचण्यास खुल्या करण्याचा प्रयोग केला. वर्षअखेर त्यांपैकी एकानेही तो थांबवला नाही. काहींनी मात्र आपली भाषा बदलल्याचे सांगितले. साहजिकच आहे. रुग्णाने ‘नाही’ म्हटले की इंग्रजी टिपणीत तो ‘नाकारतो’ असे लिहिण्याचा प्रघात आहे, जणू तो आरोपीच. धाप लागण्याचे लघुरूप ‘एस.ओ.बी.’ हे इंग्रजीत शिवीसारखे वाचले जाते. वाचक बदलला की लेखकाची शैली बदलते, ह्याचे इतके रोकडे उदाहरण आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही. आपल्याकडे तर केसपेपरचे शीर्षक मराठीत आणि आतला मजकूर इंग्रजीत असतो. जिला फक्त मराठी वाचता येते, त्या आईला हा मजकूर पडद्यावर दिसतो, पण वाचता येत नाही.

म्हणूनच नातेवाइकाचे काम संपलेले नाही, असे आम्हांला वाटते. ते बदलले आहे. पूर्वी कागद मिळवून आणणे हे काम होते, आणि काही वेळा तो दडवणे हेही. आता आईशेजारी बसून, पडद्यावरचे इंग्रजी शब्द एकेक करून मराठीत उलगडून सांगणे, आणि पुढचा अहवाल उघडण्यापूर्वी ‘वाचू का?’ असे तिला विचारणे, हे काम आहे. ती कधी ‘नको’ म्हणेल. तोही निर्णय तिचाच असेल.