कृषिभवन, पुसा आणि मक्याचे कणीस

दिल्लीत वर्षानुवर्षे राहिलेल्या मराठी माणसालाही 'पुसा' म्हणजे करोलबागेतून जाणारा एक गर्दीचा रस्ता, एवढेच बहुधा ठाऊक असते. हे नाव मुळात बिहारमधील एका गावाचे. 1905 साली तेथे स्थापन झालेल्या शेतकी संशोधन संस्थेची इमारत 1934 च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली, 1936 मध्ये संस्था दिल्लीला हलली आणि येताना गावाचे नावही बरोबर घेऊन आली. गव्हाच्या हरितक्रांतीने तिला कीर्ती मिळवून दिली, हे सर्वविदित आहे. त्याआधी काही वर्षे याच आवारात मक्याचा एक मोठा उपक्रम सुरू झाला होता. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. प्रशासनाच्या अभ्यासकाला मक्याची ही कथा गव्हाच्या कथेहून अधिक शिकवते, असे माझे मत आहे.

प्रथम आकडे पाहू. 1960-61 मध्ये देशातील मक्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी 926 किलो होते आणि गव्हाचे 851 किलो. म्हणजे मका पुढे होता. वीस वर्षांनी, 1980-81 मध्ये, मका 1159 किलोंवर रेंगाळत होता आणि गहू 1630 किलोंवर पोहोचला होता. सुधारित बियाण्याचे संशोधन मात्र मक्यात आधी झाले होते, पैसा आधी आला होता आणि परदेशी तज्ज्ञही आधी आले होते. मग मागे पडला तो मकाच का?

रॉकफेलर प्रतिष्ठानतर्फे वेलहाउझेन आणि ग्रँट हे दोन मकातज्ज्ञ 1954 मध्ये भारतात आले. देशभर फिरून त्यांनी सल्ला दिला की, प्रत्येक प्रांताने आपापल्या परीने मक्यावर तुटपुंजे प्रयोग करण्यापेक्षा साऱ्या देशाचा मिळून एकच कार्यक्रम असावा. त्यातून 1957 मध्ये अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प उभा राहिला. त्याचे सूत्रसंचालन पुसाहून होऊ लागले. एकच वाण एकाच हंगामात निरनिराळ्या प्रदेशांत पेरायचा, नोंदी एकाच पद्धतीने ठेवायच्या, आणि वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून निकाल लावायचा. आज हे अगदी साधे वाटते. परंतु शेती हा राज्यांचा विषय असताना, आणि राज्यांची शेतकी खाती आपापल्या वाणांना पोटच्या पोरासारखी जपत असताना, हे घडवून आणणे हे शास्त्राइतकेच प्रशासनाचेही काम होते. पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने इतर पिकांसाठी जे समन्वित प्रकल्प उभारले, त्यांचा साचा मक्याचाच.

वेलहाउझेन मेक्सिकोत काम करून आले होते. त्या मेक्सिकोत त्यांच्याही आधी मक्यावर राबलेला एक मराठी माणूस होता, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतील क्रांतिकारक, 1924 पासून चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवीत होते; मक्याच्या संकरावर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळाही काढल्या. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. ते कायमचे मायदेशी परतले ते 1955 च्या सुमारास, म्हणजे दिल्लीत मक्याचा प्रकल्प आकार घेत होता त्याच काळात. 1967 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. असो.

1961 मध्ये प्रकल्पाने गंगा 1, गंगा 101, रणजित आणि डेक्कन असे चार संकरित वाण दिले. चार वर्षांत चार वाण हा वेग आजही कौतुकास्पद आहे. त्या वेळी कृषिभवनात दोन मराठी माणसे होती. स. का. पाटील अन्न व कृषिमंत्री, आणि 1952 पासून शेतीचे खाते सांभाळणारे अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. पंजाबरावांनी 1955 मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि डिसेंबर 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. शेतकऱ्याला दिल्लीपर्यंत आणले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. दिल्ली शेतकऱ्यापर्यंत कशी न्यायची, हा प्रश्न त्याहून अवघड होता, आणि मका अडला तो तेथेच.

मक्याच्या झाडाला वर तुरा येतो आणि मधे कणीस धरते. तुऱ्यातील पराग वाऱ्यावर उडतो आणि कोणत्याही शेजाऱ्याच्या कणसावर जाऊन बसतो. म्हणून संकरित बियाणे तयार करताना मादी ओळींचे तुरे पराग सुटण्यापूर्वी हाताने उपटावे लागतात. हे काम काही दिवस, रोज सकाळी, एकही झाड न चुकवता करायचे असते. शिवाय आसपास काहीशे मीटर दुसरा मका असता कामा नये. आता सरकारची योजना पाहा. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत प्रत्येक विकासगटात सुमारे 25 एकरांचे बीजगुणन क्षेत्र असावे, असे ठरले होते. गहू-भातासाठी ते योग्य होते, कारण त्यांच्या फुलात परागण घरच्या घरीच होते. पण 25 एकरांचा चौरस आखला तर त्याची बाजू सव्वातीनशे मीटरही भरत नाही! ज्या पिकाला कुंपणाबाहेर काहीशे मीटर मोकळीक हवी, त्याला कुंपणाच्या आतलीच तेवढी जागा दिली गेली. योजनेच्या कागदावर 'बियाणे' हा एकच शब्द होता. गव्हाचे बियाणे आणि मक्याचे बियाणे यांतील फरक त्या शब्दात मावत नव्हता. 1963 मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले आणि 1966 मध्ये बियाणे कायदा आला, त्यामागे संकरित वाणांची ही निकड मोठ्या प्रमाणात होती.

शेतकऱ्याची अडचण निराळी होती. मका पिकवणाऱ्या घरांत चांगली कणसे निवडून, सोलपटांनी एकत्र बांधून, आढ्याला टांगण्याची रीत होती. चुलीच्या धुराने किडा लागत नसे आणि पुढच्या आषाढात तेच बी होई. संकरित मक्याचे दाणे असे ठेवून पेरले की दुसऱ्या वर्षी पीक असमान येते आणि उतारा बराच घसरतो. म्हणजे दरवर्षी नवे बी विकत घ्यायचे, तेही जूनअखेरच्या आत, पावसाच्या पहिल्या वाफशाला. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होते. निधीचे वाटप, तकावीची मंजुरी, बियाण्याची मागणीपत्रे ही सारी कामे मे-जूनमध्ये टेबलावरून टेबलावर सरकत असतात. आणि नेमका तोच अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा मोसम. नवा अधिकारी गावांची नावे पाठ करीपर्यंत मका गुडघाभर झालेला असतो, आणि त्या अवस्थेत शेतात दोन दिवस पाणी साचले तरी पीक पिवळे पडते. तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर दाणेच भरत नाहीत. ते दिवस ऑगस्टचे; दिल्लीत तेव्हा संसदेचे अधिवेशन रंगात असते आणि कृषिभवनातील निम्मी मंडळी तारांकित प्रश्नांच्या उत्तरात गुंतलेली असतात.

दिल्लीच्या परिसराला बदल्यांचा हा धडा पूर्वीच मिळाला होता. फ्रँक ब्रेन हा आयसीएस अधिकारी 1920 ते 1927 या काळात गुडगावचा डेप्युटी कमिशनर होता. खताचे खड्डे, सुधारलेले बियाणे, जातिवंत वळू, शाळा असे सारे त्याने अफाट उत्साहाने गावोगाव रुजवू पाहिले. त्याची बदली झाली आणि थोड्याच काळात खड्डे बुजले. आजच्या गुरुग्रामच्या काचेच्या मनोऱ्यांखाली त्यांतले काय उरले असेल, ते देव जाणे. ब्रेनच्या तळमळीविषयी मला आदर आहे. पण त्याच्या योजनेत शेतकरी हा विद्यार्थीच होता, धनी कधीच नव्हता.

याउलट उदाहरण जौंतीचे. दिल्लीच्या वायव्य कडेला, हरियाणाच्या सीमेलगत हे गाव आहे. 1964 च्या रब्बीपासून पुसाचे शास्त्रज्ञ, डॉ. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने, गव्हाची प्रात्यक्षिके शेतकऱ्यांच्या शेतांवर घेऊ लागले. ती लहान शेतकऱ्याच्या रानात घ्यावीत, असा स्वामिनाथन यांचा आग्रह होता. मोठ्या जमीनदाराकडे पीक चांगले आले तर लोक ते श्रेय बियाण्याला न देता त्याच्या पैशाला देतील, हे त्यांनी ओळखले होते. मग जौंती हे 'बीजग्राम' झाले: मेक्सिकन गव्हाचे बी गावानेच वाढवायचे आणि इतरांना विकायचे. 1967 मध्ये तेथील जवाहर जौंती बीज सहकारी संस्थेचे उद्घाटन इंदिरा गांधींनी केले. शास्त्रज्ञ येत-जात राहिले. बी मात्र गावाच्या कोठारात होते, आणि एकाही फाइलची वाट न पाहता पुढच्या कार्तिकात ते पुन्हा पेरता येत होते.

मक्याच्या शास्त्रज्ञांनाही हे उमगले होते. त्याच 1967 मध्ये मका प्रकल्पाने विजय, किसान, विक्रम, जवाहर, सोना आणि अंबर असे सहा संमिश्र वाण दिले. संकरिताएवढा उतारा त्यांना नव्हता, पण त्यांचे बी शेतकरी काही वर्षे घरी राखू शकत होता. शेतकऱ्याच्या परिस्थितीकडे पाहून शास्त्राने दोन पावले मागे येण्याची अशी उदाहरणे विरळा. मला तो निर्णय संकरित वाणांच्या निर्मितीहूनही मोठा वाटतो.

तरीही सारा दोष बियाण्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गव्हाला कालव्याचे आणि कूपनलिकेचे पाणी मिळाले, तर मका बहुतांशी पावसावर राहिला. 1965 मध्ये अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले, आणि त्यानंतर गव्हाला सरकारसारखा हमखास गिऱ्हाईक लाभला. मक्याला तो लाभला नाही. ज्याचा भाव अनिश्चित, त्याचे बी दरवर्षी रोख पैसे मोजून कोण घेणार?

पुढे 1988 च्या बियाणे धोरणाने खाजगी कंपन्यांना वाव दिला, कोंबड्यांच्या खाद्याची मागणी वाढली, एकेरी संकराचे वाण आले, आणि मक्याचे देशातील उत्पादन आता साडेतीन कोटी टनांच्या पुढे गेले आहे. संशोधनाचे मुख्य केंद्र पुसाहून लुधियानाला गेले. शेतकरी आज दरवर्षी पिशवी विकत घेतो आणि ती वेळेवर मिळते, कारण दुकानदाराची बदली होत नाही.

2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्या शेतातले बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क भारतीय शेतकऱ्याला दिला आहे. जौंतीचा गहू पिकवणाऱ्याला त्या हक्काचा उपयोग आहे. संकरित मका पिकवणाऱ्याला तो हक्क कायद्याने मिळालेला असला, तरी त्याच्या आढ्याला टांगलेली कणसे त्याच्या उपयोगी पडत नाहीत.