नाव तेच, वस्तू गायब: बांधणीत अडलेल्या डाउनलोडचा इतिहास

खुलताबादेत नाव आणि वस्तू यांतला फरक समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. या गावाला पूर्वी रौजा म्हणत. १७०७ साली औरंगजेबाला इथे पुरलं, त्याला ‘खुल्द-मकान’ ही मरणोत्तर पदवी मिळाली, त्यावरून खुल्दाबाद, आणि लोकांच्या तोंडी खुलताबाद. नाव बदललं, दर्गे होते तिथेच आहेत. आज आपण पाहणार आहोत ते याच्या उलट आहे. नाव तेच राहतं, आणि त्या जागेवरची वस्तू नाहीशी होते.

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणालाही घेता येतो. पण त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बांधायचा, म्हणजे बिल्ड करायचा, तर तिऱ्हाइतांनी लिहिलेली पॅकेजेस लागतात, आणि ती बांधणी चालू असतानाच नेटवरून उतरवली जातात. मध्येच एरर येते. विद्यार्थी म्हणतो, सॉफ्टवेअरच बिघडलंय. आता ही एरर म्हणजे आपल्या नैयायिकांचा डोंगरावरचा धूर. धूर दिसला म्हणजे आग आहे हे खरं, पण ती नेमकी कुठे, हे शोधायचं राहतंच ना!

ही पद्धत आली कुठून? १९९४ च्या सुमारास फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘पोर्ट्स’ नावाची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात माल ठेवायचाच नाही असं ठरलं. ठेवायच्या दोन गोष्टी: माल जिथे मिळतो ते पत्ते, आणि मालाची चेकसम, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेली एक संख्या. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात दोन प्रमाणं दिसतात. पत्ता म्हणजे शब्दप्रमाण, अमुक आप्ताने दिलं म्हणून मानायचं. चेकसम प्रत्यक्षाच्या जवळची; कुणी दिलं ते सोडा, हातात काय आलं ते बघा.

घरचं उदाहरण घेऊ. ‘लोहित’ म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीने या नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले, आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळले. लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. (त्याचं श्रेय मराठी साहित्यसंमेलनांत कुणी देताना आम्ही ऐकलेलं नाही.) या फाँटांचा मुक्काम फेडोराहोस्टेड या संकेतस्थळावर होता. १ मार्च २०१७ रोजी ते स्थळ निवृत्त झालं. फाँट हरवले नाहीत, पॅग्युर नावाच्या नव्या घरी गेले. पण ज्या बांधणीच्या कृतीत जुना पत्ता लिहिलेला राहिला, तिला मराठी अक्षरं मिळणार कुठून? इथे इलाज सोपा: नवा पत्ता घाला, चेकसम जुनीच ठेवा. जुळली तर माल तोच.

पत्ता शाबूत आणि मालकानेच माल उचलला, असंही होतं. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने एका नावावरून झालेल्या वादात आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या भांडारातून काढून घेतली. त्यातलं ‘लेफ्ट-पॅड’ अवघं ११ ओळींचं. त्यावर विसंबलेल्या बांधण्या जगभर कोसळल्या, आणि काही तासांत ते परत ठेवावं लागलं. दोष कोचुलूचा मानायची रीत आहे. आम्हाला ते पटत नाही. त्याची वस्तू त्याने नेली. ज्यांनी एक प्रतही जवळ ठेवली नव्हती, त्यांचं काय?

तिसरा प्रकार फसवा. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. सर्व्हर जागेवर, फाइल जागेवर, तरी कित्येक जुनी यंत्रं सर्व्हरवर विश्वास ठेवेनात. आणि ३० जानेवारी २०२३ ला गिटहबने फाइली दाबून बांधण्याची पद्धत बदलली. आतला कोड अक्षरशः तोच, पण गाठोडं निराळं बांधलेलं, म्हणून चेकसम चुकली. ओरड झाली, त्याच दिवशी बदल मागे घेतला गेला. म्हणजे आपलं प्रत्यक्षसुद्धा गाठोड्याचं होतं, आतल्या वस्तूचं नव्हतं!

म्हणून चेकसम जुळत नाही असं दिसलं की ती चटकन बदलून मोकळं होऊ नका. आधी उतरलेली फाइल उघडून बघा. कॉलेजच्या नेटवर लॉगिन राहून गेलं असेल, तर पॅकेजच्या नावाखाली लॉगिनचं पानच जतन झालेलं सापडतं. फाइल काही केबींचीच भरली, तर संशय तिथूनच घ्यायचा. मग यंत्राचं घड्याळ, मग प्रमाणपत्रं, मग पत्ता. एवढं करून माल खरोखर बदललेला निघाला, तर कुणी त्यात काही घुसवलंय का, हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२०१६ मध्येच फ्रान्सच्या इनरिया संस्थेने ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हे संग्रहालय जाहीर केलं. तिथे कोडची ओळख त्याच्या आशयावरून काढलेल्या संख्येने ठरते, तो कुठून आला यावरून नव्हे. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजला एवढं मोठं भांडार नको. एक जुना संगणक, त्यावर लागणाऱ्या पॅकेजेसच्या प्रती, शेजारी चेकसमची यादी. लोहितची प्रत त्यात पहिली ठेवा.